राहिलेलं क्षौर

कीळपुलियूरमध्ये कुणी गेलं की पहिला निरोप पेच्चिमुत्तू न्हाव्याकडे जातो. भटजीचा नंबर नंतर. शंख कुणी फुंकायचा, तिरडीच्या पुढे कुणी चालायचं, नदीत आधी कुणी उतरायचं आणि सोळाव्या दिवशी कुणाकुणाचं क्षौर करायचं, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्या दिवसापुरतं घरच्या कर्त्या माणसालाही पेच्चिमुत्तू सांगेल तसं वागावं लागतं. लग्नात मात्र त्याचं पान मांडवाच्या बाहेर मांडतात. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि पेच्चिमुत्तूनेही अठ्ठावन्न वर्षांत कधी कुरकूर केलेली कुणाच्या ऐकण्यात नाही.

त्याचा बाप धोकटी काखेला मारून दारोदार फिरायचा आणि सुगीला भात मापून घ्यायचा. पेच्चिमुत्तूने बसथांब्याजवळ दुकान टाकलं. दोन खुर्च्या, समोर हा एवढा आरसा, घरघर करणारा पंखा आणि भिंतीला लागून एक लांब बाक. दाढीला येणारे चार, तर बाकावर बसून फुकटचा पेपर वाचणारे दहा. पेच्चिमुत्तूला ते आवडायचं. त्याला बोलायला माणूस लागायचा. कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, कुणाच्या म्हशीनं कुणाची केळ खाल्ली, कोण कुणाशी का बोलत नाही, सगळ्या बातम्या त्याच्याकडे ताज्या. वस्तऱ्यापेक्षा जीभ जास्त चालायची. "पेच्ची, गळ्यापाशी आलास की तरी गप्प बस रे बाबा," असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि सगळ्यात मोठ्यानं पेच्चिमुत्तूच हसायचा.

या जिभेनंच घात केला.

गावात रेशनच्या तांदळाचं मोठं गोदाम आहे. तिथला तांदूळ गरिबाच्या ताटात कमी आणि घाट ओलांडून केरळात जास्त जायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लॉरीवाला कंत्राटदार, वरचे साहेब, ठाण्यातला इन्स्पेक्टर, सगळ्यांचे हात त्याच पोत्यात. गोदामातला कारकून नेल्लैयप्पन तेवढा वेगळ्या मातीचा निघाला. त्यानं वर्षभर गुपचूप लॉऱ्यांचे फोटो काढले, फाइल केली आणि कलेक्टरची भेट ठरवली. हे त्यानं दोघांना सांगितलं. एक त्याचा मेहुणा सुयंबू, कारण त्यानं सोबत यावं अशी इच्छा होती. सुयंबूला नेमका ताप भरला, तो काही जाणार नव्हता. दुसरा पेच्चिमुत्तू.

"अण्णाच्ची," नेल्लैयप्पन म्हणाला होता. न्हाव्याला मोठ्या भावासारखी हाक मारणारा गावात तो एकटाच, आणि पोरांनाही त्यानं तेच वळण लावलेलं. "उद्या पहाटे पाचला घरी या दाढीला. पहिल्या बसनं कलेक्टरकडे जायचंय. कुणाजवळ बोलू नका हं."

पेच्चिमुत्तूने मान डोलावली. मनात खोट नव्हती, पण एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची सवय तरी कुठे होती! संध्याकाळी दुकान भरलेलं, खुर्चीत गिऱ्हाईक, हातात वस्तरा, आणि तोंडातून निघून गेलं. "उद्या पहाटे आमच्या नेल्लैयप्पन साहेबांना असं चकचकीत करतो, की कलेक्टर उठून उभा राहील. पहिल्याच बसनं चाललेत!" बाकाच्या टोकाला एक जण पेपर आड धरून बसला होता. त्यानं पेपर खाली केला, नीट घडी घातली आणि दाढी न करताच उठून गेला. तो कंत्राटदाराचा ड्रायव्हर होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेच्चिमुत्तूने नेल्लैयप्पनची दाढी केली, तुरटी फिरवली. साहेब फाइल काखेला मारून निघाले. पेच्चिमुत्तू त्यांच्याच अंगणात ब्रश धूत होता तेव्हा रस्त्यावरून आरोळी ऐकू आली. तो धावत पोचला तोवर मोटारसायकलवरचे दोघे कोयता टाकून पसार झाले होते. फाइल गेली होती. ज्या गालांवरून त्यानं पाव तासापूर्वी हात फिरवला होता ते गाल मातीत होते.

पुढे आठवड्यात पाच पोरं कुठल्याशा लांबच्या कोर्टात आपणहून हजर झाली. त्या पाचांना गावातल्या कुत्र्यानंही कधी पाहिलं नव्हतं. महिनाभरात ती जामिनावर सुटली आणि प्रकरण मिटलं. म्हणजे पोलिसांपुरतं मिटलं.

सोळाव्या दिवशी पेच्चिमुत्तू धोकटी घेऊन चित्तार नदीच्या घाटावर गेला. नेल्लैयप्पनचे दोन मुलगे, नंबिराजन आणि धाकटा कुमरेसन, पायऱ्यांवर उभे होते. क्षौर झालं, नदीत बुडी मारली, की मामानं भाच्यांच्या डोक्याला कोरं मुंडासं बांधायचं, मग सुतक फिटतं. सुयंबू मामा दोन मुंडाशी हातात घेऊन बाजूला रडत होता. पेच्चिमुत्तूने पाट मांडला.

"आज नको, अण्णाच्ची," नंबिराजन शांतपणे म्हणाला. "बोलावू तेव्हा या."

घाटावर शंभर माणूस असेल. एकानंही का म्हणून विचारलं नाही. बापाचं क्षौर पोरांनी राखून ठेवलं, म्हणजे ते सूड घेतल्यावरच होणार, हे तिकडे वेगळं सांगावं लागत नाही. माणसं चपला शोधून मुकाट घरी गेली.

त्याला चौदा महिने झाले. पोरांचे केस खांद्यावर आले, दाढ्या छातीला टेकल्या. ती रस्त्यानं चालली की माणसं बोलणं थांबवायची. कंत्राटदार चार माणसं बाळगून हिंडू लागला, मग चेन्नईलाच राहायला गेला. तो हाताला लागेना, तसं बोट दुसरीकडे वळलं. बस कुठली हे कळवलं कुणी? घरातल्याशिवाय ठाऊक होतं कुणाला? सुयंबूला, आणि त्याच दिवशी बरा ताप आला! त्यात सहा महिन्यांनी सुयंबूनं जुनी लॉरी घेतली आणि ती कंत्राटदाराच्या कामाला लावली. झालं. गावानं निकाल देऊन टाकला.

हा निकाल लागला तो पेच्चिमुत्तूच्याच दुकानात, त्याच्याच बाकावर. तो वस्तरा चालवत ऐकत राहिला. न्हाव्याला ठाऊक असेल अशी शंकाही कुणाला आली नाही, कारण न्हाव्याला कुणी हिशेबात धरतंच कशाला! त्या संध्याकाळी दुकानात बसलेल्यांना तरी आठवावं? पण पेच्चिमुत्तू रोज इतकं बोलायचा की त्याचं बोलणं कुणी लक्षात ठेवत नसे. फक्त बायकोला, इसक्कीला, त्यानं एकदा रडत रडत सांगितलं होतं.

"तोंड शिवून टाका," ती म्हणाली. "त्या पोरांच्या दाढ्या बघितल्यात ना? पहिला कोयता आपल्या दारात यायचा."

तेव्हापासून तो कमी बोलू लागला. जेवणावरची वासना गेली. दारात मोटारसायकल थांबली की तो वस्तरा बाजूला ठेवून आधी दाराकडे बघायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, पेच्चीला म्हातारपण लागलं.

त्या गुरुवारी सकाळी आठला दारात मोटारसायकल थांबली. कुमरेसन होता. उतरला नाही, इंजिन चालूच.

"अण्णाच्ची, आज चार वाजता घाटावर या. वस्तरा घेऊन. दोघांचं करायचंय."

पेच्चिमुत्तूने हातातलं फडकं खाली ठेवलं. "आज? मग सकाळीच करू ना बाळा. चार वाजता कोण डोकं करतं?"

"सकाळी काम आहे."

एवढं म्हणून पोरगं समोर बघत राहिलं. एकवीस वर्षांचं पोर ते. जावळ काढताना पेच्चिमुत्तूच्या मांडीवर मुतलेलं.

"मग... मुंडाशाचं मामांना सांगू का?" पेच्चिमुत्तूने विचारलं. रीत म्हणून विचारलं की कळावं म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मुंडासं नको," कुमरेसन म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

पेच्चिमुत्तू खुर्चीचा दांडा धरून उभा राहिला. क्षौर आहे आणि मुंडासं नाही. बापाच्या क्षौराला मामा नाही. म्हणजे चार वाजता मामा असणारच नव्हता.

खरं तर तेव्हाच त्यानं पायात चपला न घालता धावायला हवं होतं. पोरांच्या दारात जाऊन ओरडायला हवं होतं, की मामा नव्हे रे, मी! तो दोनदा उंबऱ्यापर्यंत गेला. दोनदा परत आला. गळ्यावर वस्तरा कसा बसतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक, आणि आज त्याला स्वतःचा गळा सोडून दुसरं काही आठवेना. भीती माणसाला इतकं हिशेबी करते! आधी दुकान झाडू, मग जाऊ. पाणी तापवू, मग जाऊ. पावणेनऊ वाजले आणि दारात सुयंबूच उभा राहिला.

"काय पेच्ची, तोंडाला टाळं कुणी लावलं? चल, दाढी उरक. साडेनऊला लॉरीचा पासिंगवाला यायचाय तेंकासीत."

तो खुर्चीत बसला. जाडजूड, सतत घामेजलेला, दुसऱ्याची टर उडवत हिंडणारा माणूस. पेच्चिमुत्तूने फेस लावला. हनुवटी वर केली. हाताखाली ती नस उडत होती.

"मालक," तो म्हणाला, "आज नका जाऊ तेंकासीला."

"का? तू चालवतोस का माझी लॉरी?"

"दिवस बरा नाही."

"आता पंचांगही सांगायला लागलास? अरे, माझा दिवस चौदा महिन्यांपूर्वीच खराब झाला. भावोजी गेले, बहीण दारात उभं करत नाही. भाचे समोरून आले की रस्ता बदलतात." सुयंबूनं आरशात पाहिलं. "ती लॉरी घेतली ना, तिथं चुकलं. दुसरं काम देतंय कोण इथं? पण गाव काय काय बोलतं! मी भावोजींना विकलं म्हणे. माझ्या मांडीवर बसवून दोघांचे कान टोचलेत मी, आणि मी त्यांच्या बापाला विकीन?"

पेच्चिमुत्तूच्या तोंडाशी आलं. अगदी ओठांवर आलं. मालक, तुम्ही नाही विकलंत, मी बडबडलो. एवढंच वाक्य. पण सुयंबू म्हणजे तोफखाना. ऐकल्याबरोबर तो इथूनच बोंब मारत बहिणीच्या दारात जाणार, आणि दुपारपर्यंत पेच्चिमुत्तूचं दुकान, इसक्की, सगळं संपणार.

"कालव्याचा रस्ता सोडा मग," तो म्हणाला. "मोठ्या रस्त्यानं जा."

"चार मैल लांबून? पेट्रोल तुझा सासरा घालतो?" सुयंबू हसला.

दोन्ही गाल झाले. पेच्चिमुत्तूने मिशा सारख्या केल्या, नाकातले केस काढले, मानेवर पावडर टाकली, पुन्हा पुसली. जितका वेळ हा इथं बसेल तितका वेळ जिवंत राहील, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. शेवटी सुयंबूच ओरडला, "लग्नाला चाललोय का मी?" आणि उठला. मोटारसायकल कालव्याकडे वळलेली पेच्चिमुत्तूने दारातून पाहिली. तो तिथंच उभा राहिला, आणि भिंतीवरच्या घड्याळात आणखी वीस मिनिटं गेली.

तेव्हा कुठे तो पळाला. वय, गुडघे, सगळं विसरून पळाला. नेल्लैयप्पनच्या घरी त्याची बायको उलगम्माळ ओसरीवर एकटी बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. खिडकीच्या फळीवर दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवलेले होते. पोरं फोन घरी ठेवून गेली होती.

"पोरं कुठेत?" पेच्चिमुत्तूला धाप लागली होती.

"तुला चारला बोलावलंय ना? मग चारला जा."

"आई, मामांनी नाही सांगितलं. मी सांगितलं." तो तिच्या पायरीशी बसलाच. "साहेबांनी मला बजावलं होतं. मी दुकानात बोललो, सगळ्यांसमोर. तो ड्रायव्हर बाकावर होता. ऐकून लगेच उठून गेला. मामा त्या दिवशी दुकानात नव्हतेच. मी भ्यालो, आई. चौदा महिने भीत राहिलो. मला काय करायचं ते करा, पण पोरांना थांबवा."

उलगम्माळ त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा असा नसतो, हे तिला कळलं असावं. ती उठली, फळीवरचे दोन्ही फोन उगाच हातात घेऊन खाली ठेवले, मग कमरेच्या पिशवीतला स्वतःचा काढला. चौदा महिन्यांत जो नंबर लावला नव्हता तो लावला.

घंटा वाजत होती. फोन तिनं कानापासून लांब धरला होता, त्यामुळे पेच्चिमुत्तूलाही ऐकू येत होती. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

"हॅलो, कोण?" आवाज अनोळखी होता. मागे गलका होता. "मी बसचा कंडक्टर बोलतोय. हा फोन ज्याचा आहे तो माणूस कालव्याच्या रस्त्यावर पडलाय. काही उरलं नाही हो. तुम्ही कोण त्याच्या?"

"बहीण," उलगम्माळ म्हणाली आणि फोन बंद केला.

ती रडली नाही. ओसरीच्या खांबाला पाठ लावून खाली बसली. पेच्चिमुत्तूला वाटलं, आता ही उठेल, आतून कोयता आणेल. आणला असता तर तो हलला नसता. तेवढी तयारी, इतका उशीर करून, आता झाली होती.

"आणखी कुणाला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

"माझ्या बायकोला."

"ती बोलेल?"

"नाही."

"मग तूही बोलायचं नाहीस." तिचा आवाज सपाट होता. "माझी पोरं क्षौर करून संध्याकाळी ठाण्यात हजर होणार आहेत. ठरलंय त्यांचं. जन्मठेप होईल. बापाला न्याय दिला म्हणून ताठ मानेनं आत जातील, काढतील कशीतरी वर्षं. आणि तू त्यांना हे सांगितलंस, तर माझा कुमरेसन पहिल्याच रात्री गळफास घेईल. नवरा गेला. भाऊ आत्ता गेला, मीच पोरांना रोज टोचून टोचून धाडलं. आता पोरं तरी राहू देत."

"मी ठाण्यात जाऊन सांगतो, आई. मला शिक्षा होऊ दे."

"कसली शिक्षा? बडबडल्याची?" ती पहिल्यांदाच ओरडली. "तुला शिक्षा करून तुझं ओझं हलकं होईल, माझं काय होईल? चार वाजता जा. दोघांची डोकी कर. नीट कर. आणि मरेपर्यंत गप्प बस."

चार वाजता पेच्चिमुत्तू घाटावर होता. चित्तारचं पाणी पायऱ्यांशी लागलं होतं. दोघं आले, अंगावर कोरे पंचे, केस आधीच ओले. आज घाटावर दुसरं कुणी नव्हतं. गावाला कळायचं ते कळलं होतं. नंबिराजन पाटावर बसला. चौदा महिन्यांचे केस, वस्तऱ्याला दाद देईनात. बटा पाण्यात पडून वाहू लागल्या. नंबिराजन डोळे मिटून होता. झाल्यावर उठला, नदीत उतरला.

मग कुमरेसन बसला. दातांवर दात वाजत होते, आणि हवा तर उकाड्याची होती. अर्धं डोकं झालं तेव्हा त्यानं पेच्चिमुत्तूचं मनगट धरलं.

"अण्णाच्ची, मामा पाया पडला हो माझ्या. मी नाही केलं, म्हणाला. शेवटपर्यंत नाहीच म्हणाला." त्याचे डोळे पेच्चिमुत्तूच्या तोंडावर होते. "तुमच्या दुकानात सगळं कळतं. तुम्ही सांगा. मामानंच केलं ना ते?"

नंबिराजन कमरेइतक्या पाण्यात थांबून मागे वळून पाहत होता.

पेच्चिमुत्तूने मनगट सोडवून घेतलं नाही. "हो बाळा," तो म्हणाला. "मामानंच केलं."

कुमरेसननं मोठा श्वास सोडला आणि मान खाली घातली. पेच्चिमुत्तूने उरलेलं अर्धं डोकं केलं.